'गोल्ड नॅनो' इंजेक्शनने तोंडाचा कॅन्सर बरा होतो का? (पुणे)

ऋजुता२२ | मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. सासऱ्यांना (वय ६७) डाव्या गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघालाय. बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा आला आहे आणि सीटीमध्ये मानेतल्या एका गाठीवर संशय आहे. हॉस्पिटलच्या सगळ्या डॉक्टरांनी मिळून सांगितलं की आधी ऑपरेशन, मग रेडिएशन, आणि पुढचा रिपोर्ट बघून केमो लागते का ते ठरवू.

मध्येच सोसायटीतल्या एकांनी शहरातलंच एक क्लिनिक सुचवलं. नाव इथे लिहीत नाही. तिथे सांगितलं की सोन्याचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, सलाईनमधून देतात, ते थेट कॅन्सरच्या पेशींना जाऊन चिकटतात, मग बाहेरून लाइट दिला की फक्त गाठ जळते. गाल कापायचा नाही, तोंड वाकडं होणार नाही. कोर्सचे साडेचार लाख, निम्मे आधी भरायचे. टेबलावर लालभडक पाण्याची एक कुपी होती. "हे बघा, हेच सोनं," असं म्हणाले. शिवाय परदेशी विद्यापीठांच्या शोधनिबंधांची जाडजूड फाइल दिली.

सासरे भोसरीला टूलरूममध्ये होते, कागद वाचल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाहीत. ती फाइल रात्रंदिवस वाचतायत आणि ऑपरेशनला नाही म्हणून बसलेत. सासूबाई रडून रडून थकल्या. मला एवढंच कळायला हवंय: या फाइलमधलं खरं किती? "सगळं खोटं आहे" असं नुसतं म्हणून ते ऐकणार नाहीत.

देशमुख_काका | मंगळवार, रात्री ११:०५

सूनबाई, धीर धरा. या विषयातलं मला कळत नाही, पण इथे जाणकार आहेत. धागा वर ठेवतो.

पाषाणातला | बुधवार, सकाळी ७:२०

ऋजुता, मी काही वर्षं याच कणांवर प्रयोगशाळेत काम केलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. लांबेल, पण तुमच्या सासऱ्यांना वाचायला द्या.

फाइलमधले निबंध बहुधा खरेच असतील. तोंडाच्या कॅन्सरचा आणि सोन्याच्या कणांचा संबंधही खरा आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमधल्या मुस्तफा अल-सईद यांच्या गटाने नेमकं हेच दाखवलं. तोंडाच्या कॅन्सरच्या अनेक पेशींवर ईजीएफआर नावाचं प्रथिन नेहमीपेक्षा जास्त असतं. त्या प्रथिनाला धरणारी अँटिबॉडी त्यांनी सोन्याच्या कणांवर बसवली. साध्या पांढऱ्या उजेडाच्या सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरच्या पेशी झगमगल्या, निरोगी पेशींवर कण विखुरलेले राहिले. पुढच्याच वर्षी त्याच गटाने सोन्याच्या नॅनोकांड्या वापरून लेसरने अशा पेशी मारूनही दाखवल्या.

फाइलमध्ये हा निबंध असला तर सासऱ्यांना प्रयोगाच्या पद्धतीचा भाग उघडायला सांगा. त्या पेशी बशीत वाढवलेल्या होत्या. बशीत कण थेट पेशींवर ओतता येतात. माणसाच्या रक्तात ते सोडले की यकृत आणि प्लीहा त्यांना उचलायला बसलेलेच असतात, कारण रक्तातली परकी कस्पटं गोळा करणं हे त्यांचं कामच. टोरांटो विद्यापीठातल्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये दहा वर्षांचे प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला. प्राण्यांना टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणारे साधारण ०.७ टक्के! शंभरात एकही नाही. त्यामुळे "थेट कॅन्सरच्या पेशींना जाऊन चिकटतात" हे क्लिनिकचं वाक्य पहिल्याच पायरीवर अडखळतं.

आता प्रकाशाचं. सोन्याच्या साध्या गोल कणांना हिरवा उजेड, म्हणजे ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा, गिळायची सवय (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). म्हणून ते द्रावण लाल दिसतं. पण हिरवा उजेड अंगात फार खोल जात नाही, रक्तच तो शोषून घेतं. शरीराला त्यातल्या त्यात आरपार जाणारा प्रकाश म्हणजे साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरचा, निअर इन्फ्रारेड. तो शोषणारे कण वेगळ्या घडणीचे लागतात, कांडीसारखे किंवा सिलिकाच्या गोळ्यावर सोन्याचा पातळ मुलामा दिलेले. या मुलाम्याच्या कणांवर आपल्या पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागातही डॉ. सुलभा कुलकर्णींच्या गटाने काम केलं आहे. अशा कणांचं द्रावण बहुधा हिरवट, तपकिरी, करडं दिसतं. टेबलावरची लालभडक कुपी साध्या गोल कणांची असणार. इन्फ्रारेड उजेडात हे सुटे कण जवळजवळ तापतच नाहीत.

तन्वी_एमएस्सी | बुधवार, सकाळी ९:१५

पाषाणातला सरांनी कुपीचं लिहिलंच आहे, मी त्यात भर घालते. ते लाल पाणी आम्ही प्रॅक्टिकलला करतो. १९५१ मध्ये तुर्केविच यांनी बसवलेली पद्धत आहे. काचसामान आम्लराजाने (तीव्र आम्लांच्या मिश्रणाने) धुऊन घ्यायचं. क्लोरोऑरिक ॲसिडचं फिकट पिवळं द्रावण ढवळत उकळायचं आणि त्यात सोडियम सायट्रेट घालायचं. आधी पिवळेपणा जातो, मग पाणी निळसर-काळपट होतं. त्या वेळी दर बॅचमध्ये कुणीतरी "बिघडलं!" म्हणून ओरडतंच. काही मिनिटांत जांभळं आणि मग गडद लाल.

त्या कुपीत चिमूटभर मीठ टाकलं की काय होतं, ते सासऱ्यांना जरूर सांगा. डोळ्यांदेखत निळं पडतं. सायट्रेटमुळे कण एकमेकांना ढकलत लांब राहतात. मिठाने ते ढकलणं थांबतं आणि कण एकत्र गोळा होतात. सलाईन म्हणजे मिठाचंच पाणी ना? त्यामुळे नुसतं लाल सोनं सलाईनमधून देता येतच नाही. कणांवर पीईजीसारख्या पॉलिमरचं आवरण चढवावं लागतं, आणि ते प्रत्येक बॅचमध्ये नीट बसलंय की नाही, निर्जंतुक आहे की नाही, हे तपासावं लागतं. क्लिनिककडे त्या तपासणीचे कागद आहेत का, हे विचारा.

शिरीष_कोथरूड | बुधवार, सकाळी ११:५०

माझ्या मोठ्या भावाचं लिहितो. ऋजुताताईंनी लिहिलंय त्याच प्रकारच्या एका ठिकाणी (तेच की दुसरं, ठाऊक नाही) त्याने जिभेच्या कडेच्या कॅन्सरसाठी पैसे भरले. दर आठवड्याला सलाईन, वर लाल दिव्याखाली पडून राहायचं. कागदावर औषधाचं नाव नाही, बॅच नंबर नाही, फक्त 'नॅनो थेरपी' असा शिक्का. दुखायचं कमी झालं म्हणून आम्ही खूश होतो. नंतर कळलं की सलाईनमध्ये वेदनाशामक असायचं. पावसाळा तिथेच गेला. दिवाळीत त्याला तोंड उघडेना. मग मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, पण आधी जिभेचा तुकडा काढून भागलं असतं, तिथे जबड्याचं हाडही काढावं लागलं. तो आज आहे आणि पेज-सूप घेतो. मला राग येतो तो त्या गेलेल्या महिन्यांचा. ताई, सासऱ्यांना माझा नंबर हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मी घरी येऊन बोलेन.

देशमुख_काका | बुधवार, दुपारी १२:३०

शिरीष, वाचून वाईट वाटलं. पाषाणातला, एक सरळ प्रश्न. सोनं तर निरुपद्रवी ना? आपल्याकडे बाळाला सुवर्णप्राशन देतात. महिनाभर हे करून बघायचं, नाही जमलं तर ऑपरेशन आहेच, असं कुणी म्हणालं तर काय सांगायचं?

वैद्य_स्नेहल | बुधवार, दुपारी ३:१०

देशमुख काका, सुवर्णभस्माचा विषय निघालाय म्हणून मी उत्तर देते. मी आयुर्वेदाची पदवीधर आहे आणि सुवर्णकल्प वापरते. भस्माच्या तपासण्यांत नॅनो आकाराचे सोन्याचे कण आढळले आहेत, हे खरं. पण पोटातून घेतलेलं भस्म आणि शिरेतून दिलेले, अँटिबॉडी लावलेले कण यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. भस्माने गालातली गाठ विरघळते असं मी माझ्या एकाही रुग्णाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. कॅन्सरचे उपचार चालू असताना कुठलंही भस्म घ्यायचं असेल तर तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांच्या कानावर घालून घ्या. तपासणी न झालेल्या भस्मात शिसं-पारा निघाल्याची उदाहरणं आहेत, आणि केमोच्या वेळी यकृत-मूत्रपिंडावर आधीच भार असतो.

आणि "महिनाभर बघू" हे आमच्या शास्त्रातही बसत नाही. रोग साध्य असताना उपचार करायचा, असाध्य होईपर्यंत थांबायचं नाही, हे पहिल्या वर्षाला शिकवतात.

पाषाणातला | बुधवार, संध्याकाळी ६:४५

स्नेहल यांच्याशी पूर्ण सहमत. काका, दागिन्याचं सोनं निरुपद्रवी आहे म्हणून नॅनो सोनंही तसंच, असं धरून चालत नाही. आकार, आवरण, किती दिलं, यावर सगळं ठरतं. साधारण साडेपाच नॅनोमीटरपेक्षा बारीक कण लघवीवाटे जाऊ शकतात. त्याहून मोठे यकृतात, प्लीहेत महिनोन्‌महिने राहतात. पण शिरीषनी लिहिलंय तेच मोठं नुकसान: वेळ. आज गालापुरती असलेली गाठ हाडात किंवा कातडीत उतरली की ऑपरेशन तेच राहत नाही.

आता माणसांवर झालेल्या कामाबद्दल, कारण फाइलमध्ये तेही असेल.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचा निकाल आला. सोन्याच्या कणावर टीएनएफ हे प्रथिन बसवून ते कॅन्सर पसरलेल्या सुमारे ३० जणांना दिलं. एरवी झेपत नाही इतका टीएनएफ लोकांना झेपला, आणि गाठीच्या तुकड्यांत सोनं सापडलं. ती पहिल्या टप्प्याची चाचणी होती, म्हणजे प्रश्न "बरा होतो का" हा नव्हताच, "सुरक्षित आहे का" हा होता.

२०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलातून प्रोस्टेटच्या कॅन्सरचा अहवाल आला. हाच निबंध तुमच्या क्लिनिकच्या बोलण्याला सगळ्यात जवळचा आहे. सिलिकावर सोन्याचा मुलामा, जेनिफर वेस्ट आणि नाओमी हॅलस यांनी राइस विद्यापीठात काढलेली कल्पना. १६ रुग्ण, त्यातल्या १५ जणांत उपचार ठरल्याप्रमाणे पार पडला. कण आदल्या दिवशी शिरेतून दिले होते. पण लेसर बाहेरून नव्हता दिला! एमआरआय आणि सोनोग्राफीच्या मदतीने सुईतून लेसरची तार थेट गाठीत घातली होती. आणि रुग्ण निवडले होते ते प्रोस्टेटपुरत्याच मर्यादित, कमी किंवा मध्यम धोक्याच्या आजाराचे. डोकं-मानेच्या कॅन्सरवरही याच कणांची एक छोटी चाचणी झाली, पण नेहमीचे उपचार थकलेल्या किंवा आजार उलटलेल्या रुग्णांवर. ज्याचं ऑपरेशन व्यवस्थित होऊ शकतं अशा माणसाला त्याऐवजी हे दिलेलं नाही.

२०२१ मध्ये शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात डॉ. प्रिया कुमठेकर आणि सहकाऱ्यांनी ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरच्या ८ रुग्णांना १३ नॅनोमीटरच्या सोन्याभोवती आरएनएच्या तुकड्यांचं आवरण असलेलं औषध ऑपरेशनच्या आधी शिरेतून दिलं. काढलेल्या गाठीत सोनं मिळालं. म्हणजे मेंदूपर्यंत काही कण पोचतात. ही मोठी गोष्ट आहे, मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं. पण त्यांनीही ऑपरेशन टाळलं नव्हतं.

आजघडीला कॅन्सरवरचा नेहमीचा उपचार म्हणून सोन्याच्या नॅनोकणांचं एकही औषध मान्यता घेऊन बाजारात नाही. त्यामुळे कुणी ते देत असेल तर ती चाचणीच असायला हवी. आपल्या देशात २००९ च्या जूनपासून औषधाची प्रत्येक चाचणी सीटीआरआयच्या (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) नोंदवहीत नोंदवणं बंधनकारक आहे. वेबसाइट सगळ्यांना खुली आहे. आजाराचं नाव टाकून शोधता येतं. चाचणी कुठल्या हॉस्पिटलात, प्रमुख डॉक्टर कोण, एथिक्स कमिटी कोणती, सगळं दिसतं. खऱ्या चाचणीत प्रायोगिक औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई २०१९ च्या नियमांत आहे. साडेचार लाख मागणारी ही कुठली चाचणी?

किरण_लिनॅक | बुधवार, रात्री ९:३०

मी रेडिओथेरपी विभागात फिजिसिस्ट आहे. धागा दिवसभर वाचतोय. रेडिएशनसोबत सोनं द्यायचं असाही एक प्रवाह आहे, फाइलमध्ये तो सापडला तर गोंधळ नको म्हणून लिहितो.

सोन्याचा अणू जड, अणुक्रमांक ७९. क्ष-किरण त्यावर आदळले की भोवती इलेक्ट्रॉनांचा सडा पडतो आणि शेजारच्या पेशीला जास्त मार बसतो. २००४ मध्ये हेनफेल्ड यांनी उंदरांवर दाखवलं: नुसत्या क्ष-किरणांनी वर्षभर जगले २० टक्के, सोनं अधिक क्ष-किरण मिळालेले ८६ टक्के. आकडा बघून कुणीही हरखून जाईल, मीही विद्यार्थी असताना हरखलो होतो. आता त्या प्रयोगातला डोस बघा. किलोमागे २.७ ग्रॅमपर्यंत सोनं. साठ किलोच्या माणसाला त्या हिशोबाने १६२ ग्रॅम, म्हणजे सोळा तोळे, शिरेतून! शिवाय ते किरण २५० किलोव्होल्टचे होते. आमच्या लिनॅकवर (रेडिएशन देणाऱ्या यंत्रावर) ६ मेगाव्होल्टचे असतात, आणि त्या ऊर्जेला सोन्याचा हा फायदा बराच घटतो. म्हणून आजही हे काम संशोधनातच आहे. सोनं नाही पण हाफ्नियम ऑक्साइडचे कण याच तत्त्वावर पुढे गेले. सॉफ्ट टिश्यू सार्कोमासाठी (स्नायू-चरबीसारख्या मऊ ऊतींच्या कॅन्सरसाठी) २०१९ मध्ये त्यांना युरोपात मान्यता मिळाली. तेही थेट गाठीत टोचतात, रेडिएशनच्या आधी, आणि नंतर ऑपरेशन होतंच.

आमच्याकडे सोनं रोज वापरात आहे ते वेगळ्या रूपात. प्रोस्टेटचं रेडिएशन अचूक व्हावं म्हणून सोन्याचे तांदळाएवढे मार्कर आत बसवतात. ती फक्त खूण असते, औषध नाही.

ऋजुता२२ | गुरुवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे किती आभार मानू. सगळा धागा छापून सासऱ्यांना दिला. त्यांनी पेन्सिलीने खुणा करत वाचला. आज सकाळी त्यांनी स्वतः क्लिनिकला फोन करून दोन गोष्टी विचारल्या: सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक आणि बॅचच्या तपासणीचा कागद. उत्तर मिळालं, "आमचं पेटंट आहे, ते बाहेर देता येत नाही." सासरे म्हणाले, पेटंट तर छापूनच देतात, ते लपवायचं कसं? आणि फोन ठेवला.

त्यांचा एक प्रश्न आहे, त्यांच्याच शब्दांत लिहिते: "एवढी वर्षं एवढ्या लोकांनी काम केलं, मग माणसाच्या उपयोगी काय पडलं? की सगळं कागदावरच?"

पाषाणातला | शुक्रवार, सकाळी ७:०५

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. उपयोगी पडलंय, आणि बरंच. निदानाच्या बाजूला सोनं केव्हाच घराघरात पोचलं आहे. गरोदरपणाच्या घरगुती टेस्टमध्ये जी लालसर रेघ उमटते, ती बहुतेक पट्ट्यांमध्ये सोन्याच्या नॅनोकणांचीच असते. कोविडच्या कितीतरी पट्ट्यांतही तेच. अँटिबॉडी लावलेले कण पट्टीवरून सरकत जातात, जे शोधायचं ते सापडलं तर रेघेवर अडकून गोळा होतात आणि डोळ्याला दिसतात. वीज नको, यंत्र नको. १९७१ पासून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशीतलं एखादं प्रथिन नेमकं कुठे आहे ते दाखवायलाही अँटिबॉडी लावलेलं सोनं वापरतात. कॅन्सरबद्दलचं पुष्कळ मूलभूत ज्ञान त्यातून आलं. लाळेतून किंवा रक्ताच्या थेंबातून कॅन्सर लवकर पकडायच्या पट्ट्यांवर जगभर काम चालू आहे, आणि तंबाखू-गुटख्याने पोखरलेल्या आपल्या देशात तशी पट्टी आली तर तिचं मोल सांगता येणार नाही. आज मात्र गालातल्या पांढऱ्या-लाल चट्ट्याचा निकाल बायोप्सीच देते.

आणि सासऱ्यांना हेही सांगा की पाषाणला, आपल्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत), डॉ. मुरली शास्त्रींच्या गटाने २००४ मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे चपटे त्रिकोणी नॅनोकण बनवले होते. ते निअर इन्फ्रारेड प्रकाश शोषतात. साध्या गवती चहाच्या पातीतून निघालेलं ते काम जगभर वाचलं गेलं. ही माणसं वर्षानुवर्षं एकेक पायरी तपासत चढतात. त्यांचे निबंध फाइलला लावून कुणी घाबरलेल्या माणसाकडून पैसे उकळतं, याची मला फार चीड येते.

तन्वी_एमएस्सी | शुक्रवार, सकाळी ९:४०

गवती चहाचं मला माहीत नव्हतं! सर, धन्यवाद. आजच गाइडना विचारते.

शिरीष_कोथरूड | शुक्रवार, दुपारी १:२०

ताई, ऑपरेशनबद्दल अजून मन होत नसेल तर दुसरं मत घ्या, पण कॅन्सरच्याच तज्ज्ञाचं. टाटा मेमोरियलच्या तज्ज्ञांचं मत 'नव्या' या सेवेतून ऑनलाइन मिळतं, मुंबईला जावं लागत नाही. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हॉस्पिटल आहे का बघा. असेल तर तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यालाच भेटा.

ऋजुता२२ | शनिवार, रात्री ८:५०

सासरे ऑपरेशनला तयार झाले. पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली आहे. शिरीषदादा काल घरी येऊन गेले. दोघं गॅलरीत बराच वेळ बोलत होते. आरोग्यमित्रालाही भेटून आलो. ऑपरेशननंतर रेडिएशन नक्की आहे म्हणतात. त्याआधी घरून काय तयारी करायची?

किरण_लिनॅक | शनिवार, रात्री १०:३०

छान झालं, ताई. सगळ्यात आधी दात. रेडिएशन सुरू होण्यापूर्वी दातांच्या डॉक्टरांकडून पूर्ण तपासणी करून घ्या. हलणारे, किडलेले दात काढायचे असतील तर आधीच काढतात, कारण रेडिएशननंतर जबड्याची जखम नीट भरत नाही. ऑपरेशनच्या वेळीच ते उरकता येतं का, हे सर्जनना उद्याच विचारा. तंबाखू, मिश्री पूर्ण बंद. तोंड उघडण्याचे व्यायाम फिजिओ शिकवतील, ते एक दिवसही चुकवू नका.

आणि त्यांच्या दाताला सोन्याची किंवा दुसऱ्या धातूची कॅप आहे का? असेल तर आम्हाला आवर्जून सांगा. मी वर लिहिलं तेच इथेही होतं. किरण धातूवर आदळले की इलेक्ट्रॉन उलटे फेकले जातात आणि कॅपला चिकटलेल्या गालाला, जिभेला जास्त डोस बसतो, तिथे फोड येतात. कॅप काढता येते, किंवा मध्ये काही मिलीमीटर अंतर राहील असा तोंडात घालायचा गार्ड बनवून घेता येतो. तो प्लॅनिंगच्या सीटीच्या आधी तयार लागतो, म्हणून दातांच्या डॉक्टरांची वेळ आत्ताच घ्या.

ऋजुता२२ | शनिवार, रात्री १०:५५

आहे! उजवीकडे खालच्या दाढेला, फार जुनी आहे. सोमवारची वेळ घेते.